ओट्यावरचा वर्ग

आमच्या महिला मंडळाने एक मोठी चूक केली, आणि ती सगळ्यांनी हात वर करून, एकमताने केली. कार्यकारिणीत एकही पुरुष नव्हता, त्यामुळे दोष ढकलायलाही कोणी हाताशी नव्हतं.

पार्ल्यात तेव्हा आमचं मंडळ बऱ्यापैकी चालायचं. चैत्रातलं हळदीकुंकू, श्रावणातली भजनं, विणकामाचा वर्ग, वर्षातून एकदा लोणच्यांची स्पर्धा. एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर एका सभेत अध्यक्षबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "लोणची पुष्कळ झाली. आता कुणाचं तरी पोट चालेल असं काही करू या." अध्यक्षबाई म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या डॉक्टरांच्या पत्नी. साठीला आलेल्या, उंच, आणि आवाज असा की दवाखान्यातले रोगी उठून बसावेत.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मुंबईची हद्द नुकतीच आमच्यापर्यंत सरकली होती आणि पालिकेच्या मराठी शाळा निघत होत्या. त्यांना शिक्षिका हव्या होत्या. मराठी सातवीच्या परीक्षेला सगळे 'फायनल' म्हणायचे. तेवढी पास झालेल्या बाईला प्राथमिक शाळेत नोकरी मिळू शकत होती. आणि आमच्या गल्ल्या तर चौथी-पाचवीतून काढून बोहल्यावर उभ्या केलेल्या मुलींनी भरलेल्या. त्या आता पोराबाळांच्या आया झाल्या होत्या. ठरलं, की त्यांच्यासाठी दुपारचा वर्ग काढायचा आणि त्यांना बाहेरून फायनलला बसवायचं. मी मॅट्रिक होते, म्हणून गणित माझ्या गळ्यात पडलं.

जागा कुठे, हा प्रश्न आला. इथेच आम्ही चूक केली, आणि वर वाटलं की काय हुशारी केली! गल्लीच्या टोकाला रामाचं देऊळ होतं. त्याचा सभामंडप दुपारी रिकामा असायचा. फरशी गार, सतरंज्या तयार, विहीर शेजारी. शिवाय 'देवळात जाऊन येते' म्हटल्यावर कोणती सासू नाही म्हणणार? पुजारीबोवा म्हणाले, "आरतीच्या आत उठा म्हणजे झालं." आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या.

वर्गात येणाऱ्यांत माझ्या शेजारच्या बिऱ्हाडातली सून होती. तिच्यासाठी ही फायनल म्हणजे हौस नव्हती. तिचा नवरा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. त्याला छातीचा आजार झाला आणि तो अंथरुणाला खिळला. कचेरीची रजा बिनपगारी झाली. घरात सासू आणि लहान मुलगी. कोकणातला दीर म्हणत होता, "बस झालं, बिऱ्हाड मोडा आणि गावी या." गावी घर होतं, भात होता, पण डॉक्टर नव्हता. तिथे नेला तर नवरा वाचायचा नाही हे ती जाणून होती, आणि तिची सासूही. सासूला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. तिने दिराला येत्या आंब्याच्या दिवसांपर्यंत थांबवून धरलं होतं. तोवर सून पास होऊन नोकरीच्या वाटेला लागली तर बिऱ्हाड राहणार, नाहीतर वळकट्या बांधायच्या.

पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात वर्गाला भोकं पडायला लागली. आज ही नाही, उद्या ती नाही. गेलेली चार दिवसांनी परत यायची, तोवर अपूर्णांक पुढे सरकलेले. तिला मागचं समजावून देईपर्यंत दुसरी गायब. शेवटी अध्यक्षबाई स्वतः देवळात आल्या आणि त्यांनी शिस्तीवर व्याख्यान दिलं. पुजारीबोवा खांबाला टेकून वाती वळत बसले होते.

"तू गं? गेल्या आठवड्यात कुठे होतीस?"

"पाहुणे आले होते."

"आणि तू?"

"आमच्याकडे पण पाहुणेच."

"सगळ्या पार्ल्याला पाहुणे आले होते काय?" कुणीतरी पदराआड फिस्सकन हसलं. अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "आणि शिकवणाऱ्याच दांडी मारतात, मग शिकणाऱ्यांचं काय!"

"मुलाला ताप होता," मी म्हणाले. मुलगा त्या वेळी समोरच्या मैदानात विटीदांडू खेळत होता आणि त्याची आरोळी देवळात ऐकू येत होती.

बाहेर चपला घालताना शेजारची सून माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, त्यांना कुणी सांगत का नाही? वर्ग देवळात आहे. बाजूला बसल्यावर देवळात यायचं कसं?"

आजच्या मुलींना हे समजावून सांगावं लागेल. महिन्याच्या त्या दिवसांत तेव्हा बाई घरातसुद्धा बाजूला बसायची. चूल बंद, देवघर बंद, कुणाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन मगच घरात. देवळाची पायरी तर लांबच. हे काही आम्हाला नवीन नव्हतं. कार्यकारिणीतल्या जवळजवळ सगळ्या दर महिन्याला हेच करत होतो. तरी जागा ठरवताना एकीच्याही तोंडून ते निघालं नाही, कारण ती गोष्ट सभेत काढायची नसते. प्रत्येकीला वाटलं, दुसरी कोणीतरी बोलेल. अध्यक्षबाईंची ती अडचण केव्हाच संपलेली. त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. त्या आमटीला फोडणी देत होत्या. मी सांगितलं. पळी हवेतच राहिली.

"अगंबाई! आणि मी त्यांना शिस्त शिकवत होते?" एवढं म्हणून त्या पाटावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बिचारा राम! काय वाटलं असेल त्याला?" मग लगेच डोळे पुसून उठल्या. "चल, दुसरी जागा बघू. फोडणी करपली ती करपू दे."

दुसरी जागा मिळणं सोपं नव्हतं. शाळांच्या खोल्या दोन्ही वेळ भरलेल्या. वाचनालयात पेन्शनर ठाण मांडून बसलेले. कुणाच्या घरी म्हणावं तर प्रत्येक घरात देवघर आणि देवघराची राखण करणारी एकेक सासू. शेवटी अध्यक्षबाईंना नर्सबाई आठवल्या.

नर्सबाई गावठाणात राहायच्या. ख्रिस्ती, विधवा, वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या हाताखाली बाळंतपणं करणाऱ्या. अर्ध्या पार्ल्याला त्यांनी पहिली चापट मारून रडवलेलं. त्यांच्या घरापुढे रुंद ओटा होता, अंगणात चौथऱ्यावर क्रूस आणि भोवती कोंबड्या. आम्ही जरा घुटमळतच अडचण सांगितली. त्या कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या.

"मंग या की. आमचे घरान पन देव हाय बाय. पन तो कुनाला काय विचारीत नाय."

जागा झाली. राहिली काकू. इतर सासवा तिच्याकडे बघून वागायच्या, इतकं तिचं सोवळं कडक. मी गेले तेव्हा ती विळीवर नारळ खवत होती. सून मधल्या बोळात घोंगडीवर बाजूला बसली होती.

"काकू, या दिवसांत हिला नर्सबाईंच्या ओट्यावर पाठवा. चार दिवस बुडले की गणितात मागे पडते."

"किरिस्तावाकडे?"

"तुमच्या नातीच्या वेळी कोण आलं होतं?"

"तेव्हा नड होती."

"आणि आत्ता नाही?"

काकू खवत राहिली. आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. वाटी पालथी घालून तिने पुढची घेतली. "नाहीतरी आत्ता ती शिवायची नाहीच. कुठे का बसेना. चौथ्या दिवशी न्हाणार आहेच. जाऊ दे." मी उठणार तेवढ्यात तिने विळीवरूनच बोट उगारलं. "पण पुस्तकाला हात लावायचा नाही हो! पुस्तक म्हणजे सरस्वती. तिला विटाळ नको."

"मग शिकायचं कसं?"

"ते तू बघ. मॅट्रिक ना तू?"

बोळातून सुनेचा आवाज आला. "पाटी धुता येते."

काकूने मान वर केली. हा मुद्दा तिला पटला हे तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. "पाटी चालेल. पाटीला पाणी लावता येतं," ती म्हणाली, आणि परत खवायला लागली.

असे आमचे दोन वर्ग झाले, आतला आणि बाहेरचा. आतला देवळात, वह्या-पुस्तकांचा. बाहेरचा नर्सबाईंच्या ओट्यावर, पाट्यांचा. महिन्याच्या ज्या दिवसांत जिला गरज, त्या दिवसांत ती बाहेरच्या वर्गात. तिथे आमच्यापैकी कोणीतरी पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचायचं, बाकीच्या पाटीवर लिहायच्या, लिहिलेलं तपासायचं आणि पुसायचं. उठताना सगळ्या पाट्या विहिरीवर धुऊन क्रूसाच्या चौथऱ्याला टेकवून वाळत ठेवायच्या. कोंबड्या त्यांवर चोची मारायच्या आणि नर्सबाई त्यांना ओरडायच्या, "हाड गो! तुला नाय बसायचं फायनलला!"

कार्यकारिणीला वाटलं होतं, बाहेरचा वर्ग म्हणजे नाइलाज, बुडण्यापेक्षा बरा. झालं भलतंच. बाहेरच्या वर्गातल्या बायका पुढे जायला लागल्या. कारण अगदी साधं. देवळात बसलेलीचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. चहाची वेळ झाली, पोर शाळेतून येईल, दळण राहिलं. ओट्यावरच्या बाईला घरी काहीच काम नसायचं, काम करायला बंदीच होती. ती सकाळी यायची ती उन्हं उतरेपर्यंत हलायची नाही. शिवाय पाटीवरचं पुसलं की गेलं. वहीत बघू म्हणून चालत नसे, डोक्यातच ठेवावं लागायचं. लग्न झाल्यापासून या बायकांना स्वतःचे म्हणून एवढे तास कधी मिळालेच नव्हते. एक तर म्हणाली, "बाई, मला वाटतं मी रोजच बाजूला बसावं."

माझे दिवस आले की मीही ओट्यावरच शिकवायचे, तेव्हा पुस्तक नर्सबाई धरायच्या. माझ्या मुलाचा ताप त्या महिन्यापासून कायमचा बरा झाला.

शेजारच्या सुनेने तर चंगच बांधला होता. ओट्यावरून घरी आली की बोळात बसून मोठ्याने पाठांतर. एरवी कामाच्या रगाड्यात जमायचं नाही, तेव्हा या दिवसांतच सगळा भूगोल. काकू चुलीपुढे. काकूला अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले आणि दारातच थांबले.

"कृष्णेला मिळणाऱ्या नद्या. कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा..." सून अडखळली.

"घटप्रभा गो, घटप्रभा!" चुलीपुढून आवाज आला. "काल बरोबर म्हणालीस, आज कुठे वाहून गेली?"

परीक्षेचं केंद्र अंधेरीच्या एका शाळेत होतं. पहिल्या पेपराच्या दिवशी पहाटे माझी कडी वाजली. बाहेर काकू. केसांची गाठ सुटलेली, सोवळ्यातच आलेली.

"ये गो लवकर. ती बसलीय बाजूला. चार दिवस आधीच आलंय. आणि म्हणते, जात नाही."

मी गेले. सून बोळात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रडत नव्हती, आणि तेच मला वाईट लक्षण वाटलं. रडणाऱ्या माणसाला समजावता येतं.

"पाटी होती तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "आज कागद आहे. कागद धुता येतो का? मी आज सरस्वतीला विटाळ लावला आणि ह्यांना काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"अगं, तसं काही नसतं."

"तुम्ही पाळत नाही का?"

पाळत होते ना मी! चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येणारीने पाचव्या दिवशी हिला विज्ञान शिकवावं, हे माझ्याच घशाखाली उतरेना. आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, "जा गं." तरी ती हलली नाही. बाहेर उजाडायला लागलं होतं. ती आज गेली नाही तर परीक्षा गेली, परीक्षा गेली तर बिऱ्हाड गेलं. हे आम्हा तिघींनाही सारखंच कळत होतं.

काकू बोळाच्या तोंडाशी उभी राहिली.

"काय गो, सरस्वती कोण? बाप्या आहे?"

सुनेने वर पाहिलं.

"बोल की. फायनलला बसणार ना तू? सरस्वती बाप्या की बाई?"

"बाई."

"मग बाईला बाईचं ठाऊक नसेल होय? का तिला कुणी सांगितलंच नाही?" काकूचा आवाज चढला. "पुस्तकाला शिवू नको म्हणून मी सांगितलं. मी सांगितलं ते मीच मोडते. काही लागायचं तर मला लागू दे, माझं काय राहिलंय आता! वर्षभर माझ्याकडून नद्या घोकून घेतल्यास त्या काय बोळात वाहायला? ऊठ!"

सून उठली. तोंड धुऊन, पातळ बदलून आली. काकूने दही-साखरेची वाटी आणली. "हात पुढे कर." सुनेने ओंजळ केली आणि काकूने चमचा उंच धरून वरून तिच्या हातावर दही सोडलं, न शिवता. नियम मोडला होता खरा, पण लागेल तेवढाच. दारातून तिने आणखी एक बजावलं. "टाक आणि दौत घरात आणू नको हो. त्या नर्सकडेच ठेव."

आम्ही अंधेरीपर्यंत चालत गेलो. शाळेच्या फाटकाशी अध्यक्षबाई छत्री घेऊन उभ्या होत्या, भोवती आमच्या सगळ्या परीक्षार्थी. परकर-पोलक्यातल्या, खाकी चड्डीतल्या मुलामुलींमध्ये नऊवारी-पाचवारीतल्या त्या बायका, हातात दौती सांभाळत. एक शाळकरी मुलगा शेजारच्याला म्हणाला, "ए, आया आल्यात कशाला रे?" अध्यक्षबाईंनी ऐकलं. "तुझ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायला," त्या म्हणाल्या. घंटा झाली आणि सगळ्या आत गेल्या. शेजारच्या सुनेने मागे वळून पाहिलं नाही.

पुढचे पेपर होईपर्यंत काकू रोज सकाळी तसंच वरून दही सोडायची. शेवटच्या पेपराला सून न्हाऊन घरात आली होती. त्या दिवशी काकूने तिचा हात हातात घेतला, दही ठेवलं आणि बोटं मिटून वरून दाबली. मी बघितलं आणि कामाला लागले.

निकालाच्या आधीच दीर आला. आंबे उतरवायचे दिवस होते, त्याला घाई. ट्रंका बाहेर निघाल्या, वळकट्या बांधल्या गेल्या. काकू त्याला रोज नवीन कारण सांगायची. आज पौर्णिमा, उद्या मंगळवार. अखेर एका दुपारी अध्यक्षबाई गल्लीच्या टोकाला दिसल्या. साठीची बाई, डॉक्टरांची पत्नी, चपला हातात घेऊन पळत येत होती.

"झाल्या! दोघी सोडून सगळ्या पास झाल्या!" त्या तिथूनच ओरडल्या. "आणि काकूंची सून तर गणितात पहिली! शाळेतल्या पोरांना धरून पहिली!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. ज्या दोघी राहिल्या त्यांतली एक म्हणाली, "असू दे, मी पुन्हा बसते," आणि पेढे आणायला तीच धावली. शेजारची सून आत जाऊन नवऱ्याच्या पायाशी बसली. काकू मात्र थेट वळकट्यांकडे गेली. गाठ सुटेना तेव्हा मला म्हणाली, "बघतेस काय? सोड गो ती." मग दिराकडे वळली. "तू नीघ आता. तिकडे आंबे पिकायला लागले असतील. आम्हाला शाळा आहे." संध्याकाळपर्यंत गल्लीत भेटेल त्याला ती सांगत होती, "आम्ही फायनल पास झालो."

पुढे सुनेला पालिकेच्या शाळेत नोकरी मिळाली. नवऱ्याचे औषधोपचार चालू राहिले. सावकाश का होईना तो उठला आणि एक दिवस डबा घेऊन कचेरीत गेला. काकूने सोवळं सोडलं नाही. फक्त एवढं ठरवून टाकलं, की पालिकेच्या कामाला विटाळ नसतो.

दुसऱ्या वर्षीच्या वर्गाला जागा शोधावी लागली नाही. सुनेची शाळा नव्यानेच निघालेली, तिथली एक खोली दुपारी रिकामी असायची. तिने मुख्याध्यापकांना विचारून ती मागून घेतली. पहिल्या दिवशी मी जरा लवकर गेले. नव्या विद्यार्थिनी जमल्या होत्या, पण त्यातल्या तिघी-चौघी उंबऱ्याबाहेर घोटाळत होत्या. आत भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती. का थांबल्यात ते कुणाला विचारायची गरज नव्हती.

शेजारची सून फळा पुसत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग तसबिरीकडे पाहिलं.

"या गं आत," ती म्हणाली. "तिला ठाऊक आहे."

त्या आत आल्या. मागच्या बाकावर नर्सबाई येऊन बसल्या होत्या. माझा ओटा ओस पाडलात, आता मीच येते, म्हणाल्या. खोली भरली. मी खडू घेतला आणि फळ्यावर अपूर्णांक मांडला. त्या वर्षी अपूर्णांक कुणाचेच बुडाले नाहीत.